विधवेचा अर्धा टक्का

नऊ लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला नऊ हजार, महिन्याला साडेसातशे. हा हिशेब विश्वंभर होनराव यांनी माझ्या काउंटरवर उभं राहून केला. आमच्याच पावतीच्या पाठीवर, आमच्याच पेनानं. पेन नंतर स्वतःच्या खिशाला लावलं. मी हात पुढे केला तेव्हा म्हणाले, "तुमचं होय? सगळी सारखीच दिसतात."

दोन हजार तीनचा जून होता. बार्शीत आडत बाजाराच्या मागं आमच्या पतसंस्थेची शाखा होती आणि मी तिथं लेखनिक, तोही हंगामी. होनरावांना गाव आण्णा म्हणायचं. पाटबंधारे खात्यातून ते मेअखेर निवृत्त झाले होते. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळून हातात नऊ लाख आले होते आणि ते कुठं ठेवावेत या काळजीनं माणूस दहा दिवसांत वाळला होता. गावातली एकही बँक त्यांनी सोडली नव्हती. प्रत्येक बँकेचा दर छोट्या डायरीत लिहायचा आणि खाली मॅनेजरची सही मागायची, असा क्रम. सही कुणीच दिली नव्हती.

"साडेपाच!" ते मला म्हणाले. "साडेपाच टक्के देतो म्हणतो तो टाय लावलेला पोरगा. मी म्हटलं, बाबा, पैसे ठेवायला आलोय, देणगी द्यायला नाही. पोस्टात आठ, पण तिथं एकट्याचे तीन लाखच घेतात, नवरा-बायकोचे सहा. तुमचं काय?"

"साडेदहा."

"बोर्डावर तर अकरा लिहिलंय."

"ते ज्येष्ठांना. साठ पूर्ण लागतात."

"मला अठ्ठावन्न. सरकार म्हणतं म्हातारा झालास, घरी बस. तुम्ही म्हणता अजून झाला नाहीस. माणसानं ऐकायचं कुणाचं?" त्यांचं बोट बोर्डावर एक ओळ खाली सरकलं. "आणि हे काय? विधवांना अर्धा टक्का जादा?"

"संचालक मंडळाचा ठराव आहे. सामाजिक बांधिलकी."

"म्हणजे माझ्या बायकोला अर्धा टक्का जादा पाहिजे असला तर मी मरायचं?"

"मृत्यूचा दाखला जोडावा लागतो," मी म्हणालो. "झेरॉक्स चालते, फक्त मूळ प्रत दाखवायला आणायची."

ते हसले नाहीत. फायदा दिसत असला की आण्णांना विनोद ऐकू येत नसे.

"आणि एखादी बाई ज्येष्ठ पण असली, विधवा पण असली, तर?"

"दोन्ही अर्धे मिळतात. साडेअकरा."

"आहे," आण्णा म्हणाले. "घरातच आहे." माळ्यावर टाकलेली पितळी परात मोडीत घालायची राहिलीय हे आठवावं, तसे ते म्हणाले.

ही परात म्हणजे त्यांची थोरली बहीण, प्रयागबाई खटके. घरात सगळे तिला अक्का म्हणत. वय सासष्ट. नवरा वैरागला वारला, मूलबाळ नाही. सहा वर्षं ती भावाच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती आणि भाड्याऐवजी दोन्ही वेळच्या भाकरी, धुणं आणि उन्हाळ्यात सगळ्या गल्लीच्या शेवया करत होती. आण्णांच्या बायकोच्या मते अक्कांनी आता वैरागला पुतण्याकडं जावं, कारण त्या खोलीला सहाशे रुपये भाडं सहज येईल. हे मला कसं माहीत? आण्णांनीच सांगितलं, बहिणीच्या वयाचा पुरावा काय चालेल हे विचारता विचारता.

"दुसरं नाव माझं घाला," ते म्हणाले.

"मग जादा दर नाही. एकटीच्याच नावावर पाहिजे."

याला कारण होतं. ठराव झाल्यावर पहिल्याच महिन्यात गावातल्या एकवीस प्रतिष्ठितांनी आपापल्या विधवा आत्या, चुलत्या आणि माम्या शोधून काढल्या होत्या. काहींना तर त्या हयात आहेत हेच नव्यानं कळलं. सगळ्यांनी मागं स्वतःचं नाव चिकटवलं होतं. मंडळानं मग नियम आवळला.

आण्णा विचारात पडले. डायरीची पानं मागं-पुढं केली. मग चेहरा उजळला. "वारस लावता येतो का?"

"येतो की."

"मग झालं! वारस मी. म्हणजे पैसा माझाच."

वारसाला पैसे कधी मिळतात, हे अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं. मी अर्ज पुढची बाजू वर करून सरकवला.

दुसऱ्या दिवशी ते अक्कांना स्कूटरवर घेऊन आले. अक्कांनी चपला दाराबाहेर काढल्या. आमच्याकडं कुणीच काढत नसे. पदर दोन्ही खांद्यांवर ओढून त्या काउंटरपाशी उभ्या राहिल्या.

"अक्का, इथं सही कर."

"कशावर?"

"कर म्हटलं की करावं. आणि खाली अजून एक."

"चष्मा न्हाई आणला." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लेकरा, काय लिवलंय?"

"ठेव आहे, मावशी. नऊ लाखांची. तुमच्या नावावर."

अक्कांनी भावाकडं नीट निरखून पाहिलं. "विशा, ताप आलाय का तुला?"

"कागदोपत्री, अक्का! कागदोपत्री तुझं. बाकी सगळं माझंच."

"कागदोपत्री," अक्का म्हणाल्या. तो शब्द त्यांनी दातात सुपारी धरावी तसा थोडा वेळ धरला. "बरं." मग एकेक अक्षर रांगोळीसारखं काढत त्यांनी सही केली. तेवढ्यात आण्णांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

व्याज महिन्याला आठ हजार सहाशे पंचवीस. ते अक्कांच्या बचत खात्यात जमा व्हायचं आणि काढायला दर पाच तारखेला त्यांची सही लागायची. पहिले तीन महिने आण्णा स्कूटरवरून घेऊन आले. अक्कांनी सही करायची, मी नोटा द्यायच्या, त्या अक्कांच्या हाताला लागायच्या आत आण्णांनी मोजायच्या. चौथ्या महिन्यात त्यांनी पेट्रोलचा हिशेब केला. एक टक्क्यातला चांगला हिस्सा स्कूटरच पिते हे लक्षात आल्यावर अक्का चालत येऊ लागल्या, आणि आण्णा घरी ओट्यावर बसून नोटा मोजू लागले.

इथं एक गोष्ट झाली, जिचा आण्णांच्या डायरीत रकाना नव्हता. आमचे शाखाधिकारी ढवळे साहेब नऊ लाखांच्या ठेवीदाराला उभं ठेवत नसत. ठेवीदार कोण, कसा, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नऊ लाख आले की खुर्ची यायची आणि बशीसकट चहा. अक्का पहिल्यांदा खुर्चीच्या कडेवर टेकल्या. चहा पिऊन झाल्यावर कपबशी विसळायला मोरी कुठं आहे म्हणून विचारू लागल्या.

"राहू द्या, राहू द्या," ढवळे म्हणाले. "ठेवीदार आहात तुम्ही."

साहेब आत गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "ठेवीदार म्हंजे काय रं?"

"ज्याचे पैसे, तो."

"कागदोपत्री?"

"इथं दुसरं काही नसतंच, मावशी. सगळं कागदोपत्रीच."

पुढच्या महिन्यात त्या खुर्चीत पाठ टेकून बसल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात चष्मा घेऊन आल्या आणि भिंतीवरचा बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. जानेवारीत त्यांनी पावती मागून घेतली, उलटी केली आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागल्या. मला थांबवता आलं असतं. मी गर्दी नसल्याचं पाहून त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"हितं वारस म्हणून विशाचं नाव हाय. वारस म्हंजे मालक का?"

"नाही. तुम्ही आहात तोवर वारसाला इथं कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही."

"आन् मी मेल्यावर?"

"मग ते येऊ शकतात."

"म्हंजे त्याला अडचण काय ती मी जित्ती हाय एवढीच."

"सध्या तरी."

अक्का हसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले. चांगले शाबूत होते.

जून उजाडला. ठेवीची मुदत संपली. आमचाही दर घसरून साडेनवावर आला होता. आण्णांना आता माडी चढवायची होती; पायऱ्या मागच्या बाजूनं काढायच्या म्हणजे पत्र्याची खोली पाडायची, आणि खोली पाडायची म्हणजे अक्कांना वैरागला पोचवायचं. टेम्पो रविवारचा ठरला होता. शुक्रवारी ते दोघं आले. आण्णांनी सगळा अर्ज स्वतःच भरून आणला होता. फक्त सहीची जागा रिकामी.

"सही कर, अक्का."

"रविवारचा टेम्पो सांगितलास म्हणं."

"ते घरी बोलू."

"घरी मला कोण बस म्हणतंय? हितं खुर्ची हाय. हितंच बोलू." आणि त्या बसल्या. आण्णा उभेच राहिले, कारण शाखेत पाहुण्यांची खुर्ची एकच होती.

"नऊतले पाच लाख तुझे," अक्का म्हणाल्या. "त्याच्यावर आत्ता सही करते. चार ऱ्हाऊ देत."

"चार? चार कसले?"

"कसब्यातल्या जागेचे. बाबांच्या. आठाला इकलीस न्हवं? निम्मे चार. व्याज धरलं न्हाई. भाऊ हायेस."

आण्णांचा आवाज चढला. "हक्कसोड पत्र दिलंयस तू त्याचं! रजिस्टर केलेलं! राजीखुशीनं!"

"दिलं की. हिरवं लुगडं दिलंस आन् म्हणालास, अक्का, जागा कागदोपत्री माझी, बाकी सगळं दोघांचं. धा वर्सं ती बाकी बघत बसले." त्यांनी पिशवीत हात घालून एक नवा टॉवेल आणि टोपी काढली आणि काउंटरवर ठेवली. "मी बी रीत मोडत न्हाई. घे."

तेव्हा रांगेतला एक हमाल मोठ्यानं हसला आणि आण्णा ढवळे साहेबांच्या केबिनकडं धावले. "साहेब, हे पैसे माझे आहेत! माझ्या फंडाचे! अख्ख्या गावाला माहीत आहे!"

ढवळ्यांनी नऊ लाख जाणं आणि चार लाख राहणं यांची मनात वजाबाकी केली. "गावाची सही चालत नाही, होनराव."

"पण वारस मी आहे!"

"वारसाचा नंबर नंतर लागतो, आण्णा," मी म्हणालो.

"नंतर म्हणजे कधी?"

"विशा," अक्का खुर्चीतून म्हणाल्या, "लई घाई हाय का रं तुला?"

सबंध शाखा हसली. आण्णांनी कोर्टाचं नाव काढलं. मग कोर्टात वकिलाची फी किती, हे बहुधा त्यांनी मनात मांडून पाहिलं, कारण दहा मिनिटांनी त्यांनी पाच लाखांच्या चेकची मागणी केली. तो घेऊन, पतसंस्थांना आणि बायकांच्या नावाला कायमचा रामराम ठोकून, ते तडक पोस्टात गेले आणि एकट्याचे तीनच घेतात म्हणून नाइलाजानं बायकोसह आठ टक्क्यांनी पैसे ठेवले. टोपी काउंटरवरच राहिली. आमच्या शिपायाला ती अगदी बरोबर बसली.

गावात गोष्ट पसरायला संध्याकाळ लागली नाही. महिला मंडळानं अक्कांना बोलावलं, त्यांच्याबरोबर मलाही: एका निराधार बहिणीला तिचे हक्क समजावून देणारा तरुण म्हणून. शाल, नारळ, टाळ्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, असे कर्मचारी दुर्मीळ. मी मान खाली घातली. ती नम्रता आहे असं सगळ्यांना वाटलं.

त्या शुक्रवारी आण्णा गेल्यावर काय झालं, हे मंडळात कुणी विचारलं नाही.

अक्का खुर्चीतच होत्या. मी पाणी दिलं.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "एक इचारू? ह्यातले तीन लाख पोस्टात टाकू का? सरकारी असतंय. एक ऱ्हाऊ दे तुमच्याकडं."

आता माझाही हिशेब सांगतो. मी तीन वर्षं अठराशे रुपयांवर हंगामी होतो. कायम व्हायची अट अशी होती की जूनअखेर माझ्या नावे आणलेल्या ठेवी पाच लाखांच्या वर असाव्यात. इतरांच्या मिळून माझ्याकडं दीड लाख होते. अक्कांचे चार राहिले तर साडेपाच. एकच राहिला तर अडीच, आणि पुन्हा अठराशे. वारसाचं कलम मी आण्णांपासून लपवलं ते ठेव यावी म्हणून, आणि अक्कांना सांगितलं ते ठेव जाऊ नये म्हणून. मला तर सगळे नऊ हवे होते. चारवरच थांबतील इतक्या त्या सरळ असतील हे मी धरलं नव्हतं.

"पोस्टात विधवेला जादा काही मिळत नाही, मावशी," मी म्हणालो. "आमच्याकडं साडेदहा बसतील. महिन्याला साडेतीन हजार. पोस्टाची वेगळी रांग, वेगळी सही. कशाला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. भावाकडं पाहिलं होतं तसं निरखून नाही.

"मंग ऱ्हाऊ दे हितंच. तू हायेस की."

"वारस कोण लावू?"

"विशाच लाव. दुसरं हाय कोण?"

मी कायम झालो. पगार चौतीसशे. अक्कांनी आडत बाजाराजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि दर पाच तारखेला साडेतीन हजार न्यायला येऊ लागल्या. कधी माझ्यासाठी शेंगाची चटणी आणायच्या. चार वर्षं हे चाललं. त्या काळात माझ्याकडं कर्जाच्या वह्या आल्या आणि ठेवीदारांचे पैसे कुठं जातात ते मला दिसू लागलं: संचालकांचे जावई, मेहुणे आणि एका संचालकाचं बांधकाम कधीच न सुरू झालेलं शीतगृह. हप्ता कुणाचाच नव्हता. मंडळाची सामाजिक बांधिलकी घरच्या घरीच फिटत होती.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये मी राजीनामा दिला आणि एका आडत्याकडं दिवाणजी म्हणून लागलो. जायच्या आधी माझी स्वतःची ठेव काढून घेतली. पाच तारखेला अक्का आल्या होत्या, चटणी घेऊन. काय रं, नोकरी का सोडली, म्हणाल्या. मी म्हणालो, तिकडं पगार बरा आहे. हे खोटं नव्हतं. त्यांना खरं सांगितलं असतं तर दुपारपर्यंत दारात पाचशे माणसं उभी राहिली असती, आणि माझा हिशेब अजून कॅशियरकडून यायचा होता.

मेमध्ये शटर पडलं. आण्णा स्वतः स्कूटर घेऊन बहिणीला आणायला गेले. माडीची पायरी शेवटी त्यांनी पुढून काढली होती. मागची पत्र्याची खोली तशीच होती. अक्का परत तिथं गेल्या, परत भाकरी थापू लागल्या. बहिणीला टोमणा त्यांनी एकदाही मारला नाही असं म्हणतात, आणि मला ते पटतं. टोमण्याची गरज उरली नव्हती. शिवाय गावात त्यांना आता भाऊ असावा तर असा म्हणत होते. मला मात्र ते एकदा रस्त्यात भेटले तेव्हा स्कूटर थांबवून म्हणाले, "काय दिवाणजी, विधवेचा अर्धा टक्का घरी पोचला बरं का." मी हसलो. विनोद चांगला होता, आणि आण्णांनी केलेला मला आठवणारा तो एकमेव.

प्रशासक आला. गरजूंना म्हणून कधी पाच, कधी दहा हजार सुटत. अक्का दोन हजार तेरामध्ये गेल्या, तोवर असे साठ हजार त्यांना मिळाले. वारस म्हणून आण्णांनी अर्ज केला. तो प्रशासकाच्या कार्यालयात आहे.

आता बेरीज. आण्णांचे पाच लाख पोस्टात सुखरूप राहिले. जे चार गेले ते त्यांचे नव्हतेच. ढवळे साहेब निवृत्त होऊन पुण्यात मुलाकडं आहेत. अक्कांना चार वर्षांचं व्याज मिळालं एक लाख अडुसष्ट हजार, मुद्दलापैकी साठ हजार, बुडाले तीन लाख चाळीस हजार, तेही ज्येष्ठ आणि विधवा या दोन्ही सवलतींसह. माझी ठेव होती ऐंशी हजारांची. दर साधा, वसूल पूर्ण.